गिरगावचा नैवेद्य-चौरंग : दुरुस्तीच्या नोंदी

२८ एप्रिल २०२५, सोमवार

चौरंग आज दुपारी टेम्पोने शिवडीच्या गाळ्यात आला. गिरगावातल्या एका वाडीत छोटं विठ्ठल मंदिर आहे, तिथला. सोबत विश्वस्तांपैकी एक काका आले होते. ते म्हणाले, "शंभर वर्षांचा आहे." गिरगावात प्रत्येक गोष्ट शंभर वर्षांचीच असते, त्यामुळे हे वहीत पेन्सिलीने लिहिलं.

मापं : फळी ३० इंच बाय २४ इंच, जाडी १० सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). पायांसकट समोरून उंची १४ इंच. फळी सागाची, तीन पाट्या जोडून केलेली, रेषा लांबीच्या दिशेने. पाय शिसवीचे, खरादावर कातलेले. वर चौकोनी ठोकळा, मग गोटा, कडी, पुन्हा गोटा आणि तळाशी जाड कडी. समोरच्या पट्टीवर कमळाच्या पाकळ्यांची ओळ आणि मधोमध पितळेचं एक फूल. फूल भक्तांच्या बाजूला ठेवायचं, असं काकांनी दोनदा सांगितलं.

दुखणी : मधली पाटी उभी चिरलेली, ११ इंच. तिच्या मध्यावर हाताच्या पंजाएवढा भाग मऊ झालाय, नखाने उकरला तर भुसा येतो. वर पॉलिशवर पांढरट चट्टे. खालून आठ लोखंडी स्क्रू, सगळे गंजलेले, भोवती काळी वर्तुळं. फळीच्या कडेला उभा कंगोरा आहे, पण तीनच बाजूंना. चौथी पट्टी गळून पडलेली दिसते. भक्ताच्या उजव्या हाताचे दोन पाय ३ सूत आखूड, बहुधा ओल्या फरशीवर झिजले. त्यांच्याखाली रबराची बुचं ठोकून कुणीतरी पातळी साधली आहे. पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोब्बर मध्ये. एवढं काम तरी नीट केलंय म्हणायचं.

मुदत : आषाढी एकादशी. म्हणजे ६ जुलै.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

काकांचा फोन. वर सनमायका लावून टाका म्हणजे कटकट मिटेल, लाकडाच्या डिझाइनचा मिळतो, कुणाला कळणारही नाही. मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे 'नाही' हे काकांना अजून माहीत नसावं.

संध्याकाळी गुरुजी स्वतः येऊन गेले. गाळ्यात चौरंग कुठे ठेवलाय, त्याला चपलेचा पाय तर लागत नाही ना, हे बघायला. टेबलावर चादर घालून ठेवलेला पाहिला आणि बरं वाटलं त्यांना. मी विचारलं, तडा गेलेल्या चौरंगावर नैवेद्य चालतो का?

"अहो ताई, मूर्ती खंडित झाली तर विसर्जन करावं लागतं. हे उपकरण. भांड्याला कल्हईवाला, चौरंगाला सुतार. तुम्ही बिनधास्त करा."

तोवर ते साध्या पाटावर नैवेद्य दाखवणार आहेत. नैवेद्य नक्की कसा ठेवतात ते त्यांच्याकडून नीट ऐकून घेतलं, कारण फळी मध्यावरच का कुजली हे मला कळत नव्हतं. आधी उजव्या हाताने चौरंगावर पाण्याचा चौकोन काढतात. त्यावर ताट ठेवतात. तुळशीपत्राने प्रोक्षण, ताटाभोवती पाणी फिरवणं, मग प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा अशा आहुत्या, मध्ये पुन्हा पाणी, शेवटी उत्तरापोशन आणि हस्तप्रक्षालनाचं पाणी. बरंचसं ताम्हणात पडतं, काही फळीवर. सकाळ-संध्याकाळ. वर्षाला सातशे तीस वेळा पाणी, आणि त्या पाण्यावर गरम वरणभाताचं ताट. घरातल्या कुठल्याही टेबलाचे एवढे हाल होत नाहीत.

३ मे, शनिवार

सोडवला. भाचा सुट्टीवर आहे, तो आला हाताखाली.

स्क्रू काढण्यातच दुपार गेली. दोन मोडले, बाकीचे सोल्डरिंगच्या कावियाने तापवून गंज सैल करून काढले. स्क्रू निघाले आणि चौरंग अक्षरशः हातात आला, कारण मूळ जोडणीत सरस नाहीच. पायात खाच, पट्टीला कूस (खाचेत बसणारी लाकडाची जीभ), आणि आरपार एक लाकडी खुंटी. बस. खुंट्या बाहेरून आत थोड्या निमुळत्या, एका बाजूने हळूच ठोकल्या की निघतात.

सरस न वापरण्याचं कारण कदाचित सोवळ्याचंच असेल. सुताराचा जुना सरस म्हणजे जनावराचं कातडं आणि हाडं उकळून केलेला डिंक. देवाच्या ताटाखाली तो कोण चालवून घेणार? पण कारागिराच्या बाजूनेही हे शहाणपणाचं आहे. पाण्यात सरस सुटतोच.

प्रत्येक कुसाच्या पोटात पटाशीने मारलेल्या खुणा सापडल्या. एक रेघ, दोन रेघा, तीन, चार. तशाच पायातल्या खाचेजवळ. कुठला पाय कुठे बसवायचा याच्या जोडखुणा. म्हणजे त्याच्या दृष्टीने चारही पाय सारखे नव्हते. हे वाक्य लिहिलं खरं, पण त्यात विशेष काही वाटलं नाही. हाताने केलेल्या कामात असं असतंच.

फळी खालून रंधलेली नाही. करवतीच्या रेषा तिरक्या आणि कमीजास्त अंतराच्या. यंत्राच्या गोल पात्याने कमानीसारखे ओरखडे पडतात, ते इथे कुठेच नाहीत. एक माणूस वर, एक खाली, अशी दोघांनी ओढलेली करवत. काकांच्या शंभर वर्षांना पेनने लिहायला हरकत नाही.

एक खटकलं. पट्ट्यांच्या कुसांना गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला तर कोन सुटतोय. अगदी केसभर, पण चारही सांध्यांत. एवढं देखणं कमळ कोरणारा माणूस गुण्यात चुकतो?

४ मे, रविवार

चिरेचं कारण कागदावर मांडलं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, जानेवारीत आकसतं. म्हणून मूळ कारागिराने तीन पाट्या खालून दोन आडव्या पट्ट्यांवर धरल्या आहेत. पट्टी डव्हटेलच्या तिरक्या खाचेत सरकवलेली, पाट्यांना धरून ठेवणारी, पण हलू देणारी. नंतरच्या दुरुस्तीत कुणीतरी त्याच पट्टीतून वर स्क्रू मारले. फळी जखडली, हलायला जागा उरली नाही, चिरली. चिरेतून पाणी आत गेलं.

बाकी वेळ वाचनात. देवापुढे खाणं ठेवायची लाकडी बैठक किती जुनी, हा प्रश्न डोक्यात आहे. सोमयागात सोमाच्या जुड्या राजासारख्या आणून उंबराच्या लाकडाच्या चार पायांच्या आसंदीवर ठेवतात, हे शतपथ ब्राह्मणात आलं आहे. ती बैठकच, मेज नाही. पण देवाची वस्तू जमिनीवर न टेकवता चार पायांवर उचलून धरायची, ही कल्पना तिथे पुरती तयार आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, शय्यासनलक्षण नावाचा अध्याय आहे. पलंग-आसनांसाठी कुठलं लाकूड शुभ याची यादीच दिली आहे : असन, स्पंदन, चंदन, हरिद्र, देवदार, तेंदू, शाल, काश्मरी, अंजन, पद्मक, शाक आणि शिंशपा. शाक म्हणजे आपला साग, शिंशपा म्हणजे शिसव, काश्मरी म्हणजे शिवण. माझ्या टेबलावरचे दोन्ही त्या यादीत बसले. वीज पडलेलं, वाऱ्याने वा पुराने पाडलेलं, हत्तीने मोडलेलं, पक्ष्यांची घरटी किंवा मधाची पोळी असलेलं, स्मशानातलं झाड घेऊ नये म्हणतो. यातलं निम्मं सुतारकामाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. पडताना पीळ बसलेल्या खोडात आतून न दिसणाऱ्या चिरा असतात.

आणखी एक गंमत. त्याच्या हिशोबात आठ यव म्हणजे एक अंगुळ. आमच्या हिशोबात आठ सूत म्हणजे एक इंच. इंच साहेबाचा, पण त्याचे आठ भाग करायची सवय फार जुनी.

(चौरंग म्हणजे चार अंगांचा. हातपाय तोडायच्या शिक्षेलाही जुन्या मराठीत चौरंग करणं म्हणत. भाच्याला सांगितलं तर तो चारही सुट्या पायांकडे बघून म्हणाला, मावशी, आपण तेच केलंय.)

९ मे, शुक्रवार

तात्या आले. वय ऐंशीच्या घरात, मूळचे सावंतवाडीकडचे, सगळी हयात लालबागेत सुतारकामात गेली. मी पटाशी धरायला त्यांच्याकडे शिकले. आता हात थरथरतो, पण डोळा जागेवर आहे.

त्यांनी चीर बघितली, स्क्रूंची भोकं बघितली आणि म्हणाले, "गो बाय, फळयेक हलाक जागा होयी. नायतर ती आपणच करून घेता."

रविवारी मी जे कागदावर मांडलं ते एका ओळीत.

त्यांच्या गावाकडच्या चौरंगांबद्दल बराच वेळ बोलले. सावंतवाडीचे चितारी पाट-चौरंगांवर रंग चढवून वर लाखेचा लेप देतात. लग्नात, मुंजीत, गणपतीत मिरवायला तो उत्तम. पण रोजच्या नैवेद्याला देवळात कोणी रंगीत चौरंग ठेवत नसे, असं ते म्हणाले. पाणी आणि उष्टं-खरकटं लागणारी वस्तू साधी असावी, घासून धुता यावी.

मग या चौरंगावर लाखेचं पॉलिश कुणी चढवलं? तात्यांनी स्पिरिटचा बोळा एका कोपऱ्यात फिरवला. वरचा थर विरघळला, खाली आणखी एक, खाली तिसरा. त्याच्या खाली नुसतं तेल मुरलेलं तांबूस लाकूड. म्हणजे मुळात पॉलिश नव्हतंच. चकाकी नंतरची.

११ मे, रविवार

माझगावात नवाब टँक रोडजवळ चिनी देऊळ आहे, सी यूप कून, १९१९ चं. ग्वांगडोंग प्रांतातल्या चार परगण्यांच्या लोकांचं, नावाचा अर्थही तोच. देव वरच्या मजल्यावर, ग्वान गोंग, योद्धा देव. मुंबईत एवढी वर्षं काढून मी आज पहिल्यांदा जिना चढले. चिनी नववर्षाला तिथे गर्दी असते म्हणे, आज मी आणि भाचा दोघंच.

गेले ते त्यांचं अर्पणाचं टेबल बघायला. आपल्याकडे नैवेद्य दाखवणारा खाली बसतो म्हणून चौरंग बुटका. त्यांच्याकडे उभ्याने धूप लावतात, म्हणून मेज कमरेएवढं उंच. परंपरेने दोन मेजं असतात : मागे लांबट, अरुंद, धूपपात्र आणि मेणबत्त्या मांडायला. पुढे चौकोनी, फळं, चहा आणि अन्नासाठी. या चौकोनी मेजाला आठ सिद्धांचं मेज म्हणतात, कारण प्रत्येक बाजूला दोन अशी आठ माणसं त्याभोवती बसतात. घरात जेवायलाही तेच. पूजेचा साज पाच वस्तूंचा : मध्ये एक धूपपात्र, दोन्हीकडे एकेक दीपदान आणि एकेक फुलदाणी. लांबट मेजाची टोकं काही ठिकाणी वर वळवलेली असतात.

जोडणी मात्र ओळखीची. कूस आणि खाच, खिळा नाही. चीनच्या मिंग घराण्याच्या काळातल्या सुतारांनी हे इतकं पुढे नेलं की सांधा कुठे आहे ते शोधावं लागतं.

मला हवी होती ती गोष्ट लेपाची. चिनी लाख आणि आपली लाख या दोन वेगळ्या वस्तू आहेत, नाव एक पडल्यामुळे घोळ होतो. त्यांची लाख म्हणजे एका झाडाचा चीक. तो दमट हवेतच कडक होतो आणि एकदा धरला की पाणी, उष्णता, स्पिरिट कशालाही दाद देत नाही. आपली लाख पळस, कुसुम, बोरीवर वाढणाऱ्या किड्यांची. ती स्पिरिटमध्ये विरघळते, गरम ताटाने मऊ होते, ओलीने पांढरी पडते. त्यांच्या मेजावर गरम चहाचा पेला ठेवला तर काही होत नाही. आमच्या चौरंगावर वरणभाताचं ताट ठेवलं की चट्टा.

म्हणजे गिरगावातल्या त्या पहिल्या सुताराने लाख लावली नाही, ती अडाणीपणाने नव्हे.

१७ मे, शनिवार

रे रोडच्या लाकूडबाजारात. मधल्या पाटीचा कुजका भाग काढून तिथे ठिगळ बसवायचं आहे, त्यासाठी जुना साग हवा. नवा साग रंगाने वेगळा दिसतो आणि अजून आकसायचा असतो. पाडलेल्या चाळीतली एक तुळई मिळाली, खिळ्यांची भोकं चार, बाकी सरळ दाट रेषा. कापल्यावर चामड्यासारखा तो वास. दुकानदार म्हणाला ब्रह्मी आहे, म्हणजे ब्रह्मदेशचा. सगळेच म्हणतात. पण वजन आणि तेलकटपणा बघून मी वाद घातला नाही.

साग पाण्याला का टिकतो हे याच किनाऱ्यावर जगाने बघितलंय. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं कॉर्नवॉलिस हे सागवानी जहाज १८१३ साली पाण्यात उतरलं, आणि १८४२ चा ब्रिटन आणि चीनमधला नानजिंगचा तह त्याच जहाजावर झाला. माझगावचं देऊळ डोक्यात असल्याने हे आठवलं, चौरंगाशी त्याचा संबंध एवढाच की लाकूड तेच.

२० मे, मंगळवार

चौथ्या बाजूचा कंगोरा तयार केला. बाकीच्या तीन पट्ट्यांवरून नक्षी उचलली, रंगही जुळवला. खोटं कशाला बोलू, सुंदर झाला. काकांना फोटो पाठवला, त्यांनी हात जोडल्याची चार चित्रं पाठवली.

२४ मे, शनिवार

चौथा कंगोरा रद्द.

फळीची ती बाजू स्पिरिटने साफ करत होते, पट्टी बसवायची म्हणून. जुन्या पट्टीच्या खुणा शोधत होते : खुंटीचं भोक, खाच, निदान रंगातला फरक. काहीच नाही. बाकीच्या तीन बाजूंना दर सहा इंचांवर खुंटी आहे. इथे एकही भोक नाही. पट्टी पडलेली नाही, इथे ती कधी नव्हतीच.

मग फळी उलटी केली. खालच्या बाजूला, कडेपासून पाऊण इंच आत, कडेला समांतर एक काळी रेघ होती. मी ती इतके दिवस मळ समजत होते. सुईने उकरली तर थरावर थर पॉलिश आणि काजळी निघत गेली आणि खाली स्वच्छ कोरलेली खाच, दीड सूत रुंद, एक सूत खोल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सज्ज्याच्या खाली गवंडी काढतो तशी. पाणी कडेवरून वळून पोटाखाली येऊ नये, खाचेशी अडून तिथेच टपकावं.

त्या कडेच्या लाकडाच्या उघड्या छिद्रांत मेण भरलेलं आहे. टाचणी तापवून लावली तर वितळलं. लाकूड आडव्या कापलेल्या टोकानेच सगळ्यात जास्त पाणी पितं, तीच टोकं त्याने बंद केली होती.

तीन बाजूंना बांध, चौथी मोकळी, मोकळ्या कडेला मेण, खाली टपकण्याची खाच. आणि ३ सूत आखूड पाय.

पाय पुन्हा काढून मांडले. झिजले असते तर तळाची जाड कडी बारीक झाली असती. चारही पायांच्या कड्या कॅलिपरने मोजल्या, सारख्याच. फरक वर चौकोनी ठोकळ्यात आहे, जिथे फरशी पोहोचत नाही. दोन पाय आखूडच केले होते. म्हणून जोडखुणा. म्हणून कुसांचे कोन सुटलेले : फळी कलती ठेवून पाय मात्र ओळंब्यात उभे राहायचे असतील तर कोन तेवढाच सोडावा लागतो. मी ज्याला गुण्यातली चूक म्हटलं ती त्याने चार ठिकाणी मोजून केली होती.

३० इंचांत ३ सूत म्हणजे ऐंशीला एक. न्हाणीघराच्या लादीला गवंडी साधारण एवढाच ढाळ देतो. ताट घसरत नाही, डोळ्यालाही दिसत नाही, पाणी तेवढं निघून जातं.

आणि कुणीतरी डुगडुगतोय समजून रबरी बुचं ठोकली. पाणसळीत आणला. त्या दिवसापासून पाणी मध्ये साचायला लागलं. मी पहिल्या दिवशी त्याच कामाला शाबासकी दिली आहे, वर लिहिलेलं आहे, खोडत नाही.

तात्यांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माका कसा दिसूक नाय ता?" त्यांना स्वतःचाच राग आला होता.

२६ मे, सोमवार

पाऊस. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईत इतक्या लवकर कधीच आला नव्हता म्हणे. गाळ्यासमोर घोटाभर पाणी, सगळं लाकूड माळ्यावर चढवलं. मी जूनच्या दहा तारखेपर्यंत कोरडी हवा धरून चालले होते. तेल वाळायचं सगळं गणित कोसळलं.

२८ मे, बुधवार

मंदिरात जाऊन आले. मला एवढंच बघायचं होतं की ढाळ कुठल्या दिशेला पडतो.

देव पूर्वाभिमुख. गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय जाता येत नाही, मी उंबरठ्याबाहेर उभी राहिले आणि गुरुजींना विचारलं, चौरंगाची ती मोकळी बाजू कुठे येते? त्यांनी हात केला. उत्तर. उत्तरेच्या भिंतीच्या तळाशी, फरशीला लागून, अभिषेकाचं पाणी बाहेर जायचं दगडी पन्हळ. गुरुजींनी तांब्यातलं पाणी फरशीवर ओतून दाखवलं. पाणी सावकाश पन्हळाकडे गेलं.

देवळाला पाणी नवीन नाही. दगडाच्या पीठाला उत्तरेकडे प्रणाल काढतात, पाण्याला वाट आधी, मग पूजा. इजिप्तमधल्या थडग्यांतल्या दगडी अर्पणमेजांनाही, वर भाकऱ्या आणि घडे कोरलेले असतात त्यांना, कडेला पाणी वाहून जायला चर आणि चोच असते. दगडात चर खोदता येतो. लाकडात चर खोदला तर त्यातच पाणी मुरतं. त्या सुताराने चर न खोदता सगळी फळीच कलती केली.

गुरुजींना बुचांबद्दल विचारलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी चौरंग जरा उत्तरेला झुकलेला असायचा, ते आठवलं त्यांना. "आम्हाला वाटायचं फरशी बसलीय."

१ जून, रविवार

विश्वस्तांची बैठक, मला बोलावलं होतं. काकांचं म्हणणं, वाकडा चौरंग परत आणला तर लोक नावं ठेवतील, आणि फोटोत दाखवलेली पट्टी कुठे गेली? मी ती पट्टी सोबत नेली होती, टेबलावर ठेवली. मग एका कोऱ्या फळीवर पाणी ओतून दोन्ही प्रकार दाखवले, सपाट आणि ऐंशीला एक. सपाट फळीवर पाणी बसून राहिलं, कलत्या फळीवरून टिपकत टेबलक्लॉथवर आणि तिथून एका विश्वस्तांच्या धोतरावर गेलं. निर्णय माझ्या बाजूने लागला, मनापासून लागला असं म्हणवत नाही.

सनमायका रद्द. पट्टी काका घरी घेऊन गेले, देव्हाऱ्याला लावतो म्हणाले.

७ जून

ठिगळ बसलं. कुजका भाग होडीच्या आकारात काढला, म्हणजे चारही कडा रेषेला तिरक्या पडतात आणि जोड डोळ्यात भरत नाही. चीर मुळापर्यंत साफ करून सागाची पाचर दिली. आडव्या पट्ट्या पुन्हा सरकवल्या, बिनस्क्रूच्या. मोडलेलं एक कूस शिसवीचं नवं. काळी वर्तुळं राहू दिली. ती घालवायला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, ते विषारी, आणि इथे अन्नाचं ताट येणार आहे. डाग परवडले.

बुचं काढून भाच्याला दिली. त्याने एक किल्लीला अडकवलंय.

१४ जून, शनिवार

जवसाचं कच्चं तेल, पहिला हात. बाजारातल्या 'बॉइल्ड' तेलात लवकर सुकवायला धातूचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते नको. कच्चं सावकाश वाळतं, या हवेत तर फारच सावकाश.

रात्री आठला भाचा ओरडत आला. तेलाच्या चिंध्या त्याने बोळा करून डब्यात कोंबल्या होत्या आणि डबा कोमट झाला होता. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात. हे त्याला आधी सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नव्हतं. चिंध्या पाण्यात बुडवल्या. शेजारच्या गाळ्यात थर्माकोलचं सामान आहे. तासभर कोणी बोललं नाही.

२९ जून

चार हात झाले. तिसरा पुसून काढावा लागला, चिकट राहिला होता. उत्तरेच्या कडेला मेण तापवून भरलं. खाच मोकळी.

३ जुलै, गुरुवार

चौरंग पोचवला. गुरुजींनी पंचगव्य शिंपडलं आणि आत नेला. फूल भक्तांकडे, मोकळी बाजू उत्तरेला. काकांनी पाणसळ आणली होती, मोबाईलमधली. बुडबुडा एका बाजूला गेलेला पाहून माझ्याकडे बघितलं, पण काही बोलले नाहीत.

७ जुलै, सोमवार, द्वादशी

काल एकादशीला फराळाचा नैवेद्य होता, वरीचे तांदूळ आणि रताळी, आणि गर्दीत मला उंबरठ्यापर्यंतही जाता आलं नाही. आज पुरणपोळी. सकाळी साडेअकराला गेले, वाडीत शुकशुकाट.

गुरुजींनी पाण्याचा चौकोन काढला, वर ताट ठेवलं. वाफ दिसत होती. ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून आहुत्या म्हटल्या. मी ताटाकडे बघतच नव्हते. उत्तरेच्या कडेखाली, बरोबर खाचेशी, एक थेंब जमला, थोडा वेळ लोंबला आणि फरशीवर पडला. मग दुसरा.

गुरुजींनी उत्तरापोशन सोडलं, डोळे उघडले आणि कान तिकडे लावला.

"वडिलांच्या वेळी हा आवाज यायचा," ते म्हणाले.

हिशोब : मजुरीचा दुसरा हप्ता बाकी. काका म्हणाले, बघू.